शिवबाईचा हात

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणी नाही. मधोमध एक अरुंद टेबल, त्यावर हिरवी चादर. टेबलाच्या डोक्यावर मोठा गोल दिवा, अजून न लावलेला. उजव्या भिंतीवर पांढरा फळा. डावीकडे झुलतं दार, त्याला वाटीएवढी गोल काच. वेळ सकाळी पावणेआठची. स्थळ सोलापुरात शुक्रवार पेठेपासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या एका धर्मादाय दवाखान्याचा दुसरा मजला. ऑपरेशनच्या या खोलीला इथली माणसं नुसतं थिएटर म्हणतात, आणि तिथली शिस्त पाहिली तर नाटकवाल्यांनी मान खाली घालावी. नेपथ्य रोज तेच, पण रोज धुतलेलं. घंटा होत नाही, तरी उशिरा येण्याची कुणाची छाती नाही.

दार झुललं आणि शिवबाई आत आली.

वय पंचेचाळीस, बांधा ठेंगणा, मनगटं रुंद. अंगात हिरवे कपडे, केस टोपीत दडपलेले, तोंडावर मास्क. ती सरळ फळ्यापाशी गेली, कालचे आकडे पुसले आणि कोऱ्या जागी आजची तारीख घातली. अक्षर शाळकरी, एकेक वळण जपून काढलेलं. याच दारातून अठरा वर्षं ती आत आली होती, पण तेव्हा हातात बादली असायची आणि तिच्या वाट्याला एकही वाक्य नसायचं. गेले अकरा महिने ती शिकाऊ ओटी टेक्निशियन होती. केसबुकात शंभर ऑपरेशनं भरायची, प्रत्येक नोंदीवर सही घ्यायची, मग प्रमाणपत्र. शिवबाईच्या सत्त्याण्णव सह्या झाल्या होत्या. उरलेल्या तीन झाल्या की इथंच टेक्निशियनची जागा, असं डॉक्टर सोमशेखरांनी तोंडानं कबूल केलं होतं.

शिवबाई मूळची जेऊरची. स्टेशनच्या पलीकडं वडिलांचं थोडं रान होतं. शाळा आठवीपर्यंत झाली, पुढे लग्न, पुढे नवऱ्याच्या मागोमाग सोलापूर. नवरा अभिमन्यू शाळेच्या मुलांचा टेम्पो चालवायचा, अजूनही चालवतो. दवाखान्यात मावशी म्हणून लागली तेव्हा ती पंचविशीत होती. सहा महिने वॉर्डात काढले आणि मग तिला थिएटरात घेतलं.

थिएटरातल्या मावशीचं काम ऐकायला सोपं. ऑपरेशन चालू असताना कोपऱ्यात उभं राहायचं आणि खाली जे पडेल ते लगेच नाहीसं करायचं. रक्ताचा थेंब असो, कापसाचा बोळा असो, फाटका हातमोजा असो. डॉक्टरांचा पाय घसरता कामा नये. शिवबाई या कामात अशी तयार झाली की वस्तू फरशीला टेकायच्या आत तिचा हात तिथं पोचायचा. तेव्हाचे थोरले सर्जन मोठे दिलदार. कुणी पाहुणे डॉक्टर आले की तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "या बाईच्या राज्यात जमिनीवर काही राहत नाही." शिवबाई पदर सावरून भिंतीकडं बघायची, पण ते वाक्य तिनं घरी जाऊन अभिमन्यूला किती वेळा ऐकवलं असेल! तिच्यासाठी ती टाळीच होती.

ऑपरेशन नसेल तेव्हा मॉप शिवायचे. मॉप म्हणजे वीतभर, चार पदरी, जाळीदार कापड. पोटातलं रक्त टिपायला लागतं. मोठ्या दवाखान्यांतून ते तयार येतात आणि त्यात एक्स-रेत दिसणारा दोरा असतो. इथं मात्र ताग्यातून कापून घरच्या घरीच शिवायचे. शिवताना शिवबाईचे कान टेबलाकडं असत. कुठलं हत्यार ट्रेमध्ये टाकलं की कसा आवाज होतो, हे तिला पाठ झालं होतं.

पाच वर्षांपूर्वी एका ऑपरेशनात नवखा टेक्निशियन गडबडला. डॉक्टर सोमशेखरांचा हात पुढं, आणि हा भलतंच हत्यार देतोय. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "आरं ते न्हवं! वाकडं दे, लांब मानंचं!"

डॉक्टरांनी लांब मानेचं वाकडं हत्यार घेतलं, काम झालं, आणि मान न वळवता ते म्हणाले, "मावशी, तुम्हीच शिका की मग."

सगळे हसले. शिवबाई हसली नाही. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला नाव घातलं. पहिल्या खेपेला गणित राहिलं, दुसऱ्या खेपेला निघालं. अभिमन्यू चेष्टेत मागं हटणारा नव्हता. "उद्यापासनं टेम्पोत बस पोरांसंगं. पुढची शीट तुला. डबा इसरू नगंस." पण परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर तोच तीन तास उभा होता. टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा मावशीच्या कामाचा राजीनामा द्यावा लागला, दोन्ही एकदम चालत नव्हतं. ती जागा ठेकेदाराकडं गेली आणि तिथं गुरम्मा आली. गुरम्मा अक्कलकोटकडची, दोन मुलींची आई, बोलायला भोळी. ठेकेदारानं आज काढलं तर उद्या यायचं नाही, अशी तिची नोकरी.

शिकवायला दानम्मा सिस्टर होत्या. थिएटरच्या इन्चार्ज, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. घरी कानडी, कामावर मराठी आणि संतापल्या की दोन्ही. पहिले पंधरा दिवस त्यांनी फक्त हात धुवायला लावले. "हात वर, कोपर खाली. पाणी कोपरावरून गेलं पाहिजे, परत बोटांवर यायचं नाही. पुन्हा." बॅचमधल्या मुली सगळ्या एकोणीस-वीसच्या. त्यातली संस्कृती तिला काकू म्हणायची आणि हत्यारांची इंग्रजी नावं तिच्या वहीत मराठीत लिहून द्यायची. बदल्यात शिवबाई तिला कुठला डॉक्टर कधी चिडतो ते सांगायची.

हत्यारं तिला आधीच येत होती. अवघड गेला तो खाली पडलेल्या वस्तूचा नियम. टेबलापाशी निर्जंतुक हातांनी हत्यारं देणारी एक असते आणि टेबलापासून लांब, म्हणजे 'बाहेर' राहून लागेल ते पुरवणारी दुसरी. टेबलापाशी असाल तर हात कमरेखाली न्यायचा नाही. बाहेर असाल आणि मॉप पडला तर आधी तोंडानं सांगायचं, "मॉप खाली." मग तो लांब चिमट्यानं उचलून कोपऱ्यातल्या कागदावर सगळ्यांना दिसेल असा मांडायचा. पोट शिवायच्या आधी मॉप मोजतात. जितके फळ्यावर लिहिले तितके मिळाले पाहिजेत, आणि ते मिळेपर्यंत खोलीतला कचरासुद्धा बाहेर जात नाही. एक कमी आला तर तो पोटात राहिला असं धरायचं.

म्हणजे अठरा वर्षं ज्या गोष्टीसाठी तिला शाबासकी मिळाली, तीच आता चूक झाली होती. पहिल्या महिन्यात तीन वेळा तिचा हात आपोआप खाली गेला. दानम्मा सिस्टर ओरडल्या, "अय्यो, हा हात घरी ठेवून ये की, शिवबाई!" ती हात पाठीमागं बांधून उभी राहायला शिकली. एकदा पडलेल्या बोळ्याकडं बघत ती घामाघूम झाली, पण जागची हलली नाही. आठव्या महिन्यात सिस्टरनी केसबुकात शेरा लिहिला, "सवय गेली." शिवबाईनं ते पान अभिमन्यूला दाखवलं. तो म्हणाला, "बघ, आता घरातबी काय उचलू नगं. केर तसाच राहू दे." दोघं पोटभर हसले.

तर अशी ही गुरुवारची सकाळ आणि अठ्ठ्याण्णवावं ऑपरेशन. पेशंट म्हणजे चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वयस्क मुकादम. आतड्याला पीळ पडलेला, पोट फुगलेलं, हृदय आधीच नाजूक. डॉक्टर सोमशेखर, भूल देणारे डॉक्टर, टेबलापाशी हत्यारं द्यायला संस्कृती, तिच्या मागं दानम्मा सिस्टर, आणि बाहेर शिवबाई. तिनं फळ्यावर लिहिलं, मॉप पंधरा.

दोन तास चांगले गेले. शिवबाईनं मागायच्या आधी सलाइन दिलं, दिवा वळवला, धागा उघडून दिला. डॉक्टर एकदा म्हणालेसुद्धा, "आज बरं वाटतंय काम करायला." मग एक शीर सुटली आणि रक्त उसळलं. सगळ्यांच्या हालचाली एकदम भराभर झाल्या. "सक्शन! मॉप! अजून एक!" संस्कृती एका हातानं नवा मॉप देत होती, दुसऱ्यानं वापरलेला घेत होती. रक्तानं भिजलेला एक मॉप टेबलाच्या कडेवरून घसरला आणि डॉक्टरांच्या टाचेपाशी पडला. डॉक्टर एक पाऊल मागं सरकत होते.

त्यानंतर काय झालं ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे पोटात होते.

रक्त थांबलं. शेजारच्या थिएटरात दुसरं ऑपरेशन लागायचं होतं, म्हणून गुरम्मा घाईनं आली, भरत आलेली कचऱ्याची पिवळी पिशवी काढून नवी लावली आणि जुनी घेऊन गेली. मोजणी झाल्याशिवाय पिशवी हलवायची नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं की नव्हतं, देव जाणे.

"मोजा," डॉक्टर म्हणाले.

संस्कृतीनं मोजले. चौदा.

"परत," दानम्मा सिस्टर म्हणाल्या. त्यांनी स्वतः मोजले. चौदा.

डॉक्टरांनी मान वर केली. "शिवबाई, खाली काही पडलंय?"

शिवबाईनं सगळी फरशी नजरेनं धुंडाळली. फरशी स्वच्छ होती. "न्हाय साहेब," ती ठामपणानं म्हणाली. "खाली कायबी न्हाय."

"पडलं होतं का?"

"न्हाय साहेब. पडलं असतं तर मी बोलले असते."

तिला ते तसंच आठवत होतं. खोटं बोलायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा पोटात हात घातला. आतडं हळूहळू बाहेर काढून, एकेक वळण उलगडून बघायचं, परत ठेवायचं. एक्स-रेचा काही उपयोग नव्हता, घरच्या मॉपमध्ये दोरा नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "प्रेशर खाली येतंय." वीस मिनिटं. "सोमशेखर, किती वेळ?"

"एक मॉप आत ठेवून शिवू का मी?" डॉक्टर प्रथमच ओरडले.

शिवबाई फळ्यापाशी उभी होती. मनातल्या मनात पांडुरंगापासून जेऊरच्या ग्रामदेवतेपर्यंत सगळ्यांना साकडं घालून झालं. मग तिची नजर डॉक्टरांच्या टाचेमागं गेली. तिथं फरशी स्वच्छ होती, नको तितकी स्वच्छ. रक्ताचे बारीक ठिपके टेबलाभोवती सगळीकडं होते आणि तेवढ्याच जागेवर फडक्याचा अर्धगोल, ओला, चकाकणारा. असा अर्धगोल थिएटरात एकच बाई काढायची. तिनं आपला उजवा हात वर करून पाहिला. हातमोज्याच्या तीन बोटांवर वाळत आलेलं रक्त होतं.

"साहेब," ती म्हणाली. तिनं तो हात पुढं धरला. "साहेब, म्या उचलला. पिशवीत टाकला असंल. मला कळलं न्हाई."

दानम्मा सिस्टर स्वतः धावल्या. पिशवी तळमजल्यावर कचऱ्याच्या खोलीत, तोंड बांधून, गाडीत चढायच्या बेतात होती. पंधरावा मॉप मधोमध सापडला. पोट शिवलं गेलं. म्हाताऱ्याला मात्र श्वासाच्या नळीसकट आयसीयूत न्यावं लागलं. छातीत पाणी झालं, दोन दिवस जिवाची शाश्वती नव्हती. अकराव्या दिवशी तो काठी टेकत घरी गेला, पण तोवर शिवबाईचा निकाल लागून गेला होता.

त्याच दुपारी दानम्मा सिस्टरनी तिला चहाच्या खोलीत बसवलं. दार लावून घेतलं. या बाई कडक, पण त्यांच्या पोटात माया होती.

"रिपोर्ट मला लिहायचाय, शिवबाई. मोजणीआधी पिशवी हलवली, म्हणून मॉप मिळाला नाही. हेही खरंच आहे की. मी एवढंच लिहिते."

"मग गुरम्माचं काय?"

सिस्टरनी रिपोर्टचा कागद पुढ्यात सरकवला आणि पेनचं टोपण काढलं.

"तिला उद्या येऊ देत्याल व्हय?"

"तुझे तीन केस राहिलेत फक्त. तू विचार कर. तुझं वय काय, तिचं काय. तिला दुसरीकडं मिळेल."

"तिला मिळंल तर मलाबी मिळंल की."

"सुम्मनिरु!" सिस्टर कानडीत ओरडल्या, गप्प बस म्हणून, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

शिवबाईनं कागद ओढून घेतला. त्याच शाळकरी अक्षरात तिनं लिहिलं. मॉप खाली पडला, मी सांगितलं नाही, हातानं उचलला, पिशवीत टाकला, फरशी पुसली, आणि विचारल्यावर पडला नाही म्हणाले. गुरम्माचं नाव कुठंच घातलं नाही. खाली सही केली. आजवर दुसऱ्यांच्या सह्या गोळा करणाऱ्या बाईची त्या थिएटरातली पहिली मोठी सही ही अशी झाली.

डॉक्टर सोमशेखर माणूस म्हणून वाईट नव्हते. कागद वाचून त्यांनी तिला खुर्ची दिली, हे आधी कधी झालं नव्हतं.

"तू खरं लिहिलंस," डॉक्टर म्हणाले. "बरेच लोक लिहीत नाहीत."

"साहेब, मला परत पहिल्यापासनं करू द्या. शंभरच्या शंभर करते."

"शिवबाई, चूक सगळ्यांकडून होते. तू विसरली असतीस, घाबरली असतीस, तरी मी तुला ठेवलं असतं. पण तुला कळलंच नाही. मी विचारलं तेव्हा तू छातीठोक नाही म्हणालीस. पुढच्या वेळी मी कुणाच्या शब्दावर पोट बंद करू?"

खरं दुखणं तेच होतं. डॉक्टर चुकीचं बोलले असते तर भांडता आलं असतं, अभिमन्यूजवळ शिव्या देता आल्या असत्या. डॉक्टर बरोबर बोलत होते.

केसबुक कोऱ्या तीन पानांसकट तिच्याकडं परत आलं. मावशीच्या कामासाठी ती ठेकेदाराकडं गेली, तर त्यानं जन्मतारीख विचारली आणि चाळिशीच्या पुढचं घेत नाही म्हणाला. हिरवे कपडे धुऊन, इस्त्री करून तिनं परत केले. संस्कृती जिन्यात रडत होती. "काकू, माझ्या हातून पडला होता तो."

"पडायचाच की. मॉप पडत्यातच," शिवबाई म्हणाली आणि तिच्या टोपीतून सुटलेले केस आत सारले.

गुरम्माला काय घडलं ते कुणी सांगितलं नाही. ती अजून तिथंच आहे आणि भेटणाऱ्याला सांगते की शिवबाईला नोकरीचा कंटाळा आला म्हणून तिनं सोडली.

पाच महिन्यांनी शुक्रवार पेठेत, कपड्यांच्या दुकानापुढं, दानम्मा सिस्टरना शिवबाई दिसली. टॉवेलच्या कारखान्यात सुटे धागे कापायला रोजावर जात होती. बारीक झाली होती. केसात पांढरं बरंच आलं होतं. सिस्टरनी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

"जूनला नवी बॅच आहे. मी डॉक्टरांशी बोलले. पुन्हा पुन्हा बोलले. जरा नरम झालेत. तू फक्त ये आणि एवढंच सांग की सवय गेली. माझ्या निवृत्तीच्या आधी तुला तिथं उभी करते, बघ."

रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता. नाही म्हणायला शिवबाईला एक क्षणही पुरला असता. ती खोळंबली ती समोरच्या बाईचा चेहरा बघून.

"घरी करून बघतीया की मी, सिस्टर," ती म्हणाली. "पाच म्हयने झालं. ह्यांना सांगून ठिवलंय, मला न सांगता कायबी पाडा म्हणून. चमचा पाडत्यात, किल्ली पाडत्यात, हसत्यात. ध्यान ठिवून बसली की न्हाय उचलत मी. परवा गॅसवर दूध व्हतं, माझं समदं ध्यान तिकडं. लसणाची पाकळी पडली. हातात आल्यावर कळलं मला, की ती पडली व्हती."